गाडीच्या दीड मिनिट आधी

१२ जून १९६६, कऱ्हाड स्टेशन

राजीचा दोनशे चौदावा शब्द आज पकडला. ‘उलथनं.’ आईच्या हातातलं ओढत तीनदा म्हणाली. वय दोन वर्षं साडेसात महिने. सांगलीच्या ट्रेनिंग कॉलेजातले नानासो स्वतःला बालमानसशास्त्राचे जाणकार समजतात. आहेतही, खोटं कशाला बोला. त्यांचं म्हणणं, एवढ्या लहान मराठी मुलाची शब्दांची यादी कुणी तारीखवार ठेवलेली त्यांच्या पाहण्यात नाही. म्हटलं, मी ठेवतो. दिवसभर रेल्वेच्या डब्यांचं हलणं मोजतो, घरी येऊन पोरीचं बोलणं मोजायला काय जातंय? लेख झाला की कॉलेजच्या अंकात छापणार आहेत. खाली नाव, जयपाल मगदूम.

गुणमाला म्हणते पोरीचे शब्द मोजू नयेत, दृष्ट लागते. सासऱ्यांनी लेकीला सातवीतून काढून माझं काम वाढवून ठेवलंय.

राजीचा सगळ्यात लाडका शब्द ‘झुकू’, म्हणजे आगगाडी. आमचं क्वार्टर रुळापासून वीस पावलांवर, तेव्हा झुकूंना तोटा नाही.

२८ जून, आदर्की

घाटातल्या वळणांवर चार दिवस. काम नेहमीचंच. नोंदयंत्र डब्याच्या फरशीवर ठेवायचं, आतला लोलक हलेल तशा लेखण्या कागदाच्या गुंडाळीवर रेघा मारतात, त्यावरून डबा कुठं किती झोलतो आणि खालचा रूळ कुठं बसलाय ते काढायचं. आज यंत्राचा पाना अर्धा तास शोधला. निघाला लालासाहेबांच्याच खिशात. काखेत कळसा न् गावाला वळसा.

लालासाहेब आमच्या तुकडीचे प्रमुख, तीस वर्षं रुळावर गेलेला माणूस. चालत्या डब्यात चपला काढून अनवाणी उभे राहतात, डोळे मिटतात आणि ‘आला’ म्हणतात. त्याच क्षणाला लेखणी उडते. मलाही बूट काढायला लावले. म्हणाले, “मगदूम, कान फसवतो. तळपाय फसवत नाही.” पंधरा-वीस मैलांनंतर मलाही कळायला लागलं. लय मजा आली.

१९ जुलै

राजीला चार दिवस ताप. उतरत नाही. मान मागं टाकते. डॉक्टर दोनदा येऊन सुई टोचून गेले. यादीला हात लावलेला नाही.

३ ऑगस्ट

पोर वाचली. याहून जास्त लिहवत नाही. गुणमालानं देवळात जाऊन यायचं कबूल केलंय, मीही जाणार. काल पहिल्यांदा उठून बसली. चालताना तोल जातो, भिंत धरते. अशक्तपणा आहे.

११ सप्टेंबर

यादी परत सुरू. नवा शब्द एकही नाही. जुने मोजले तर एकशे एकोणसत्तरच वापरात दिसतात. पंचेचाळीस शब्द तापात वाहून गेले म्हणायचे. येतील परत. पोरगी नुसती लाडावून ठेवलीय, बोट दाखवलं की वस्तू हातात, मग बोलायचं कशाला?

२० नोव्हेंबर

नानासोंनी एक इंग्रजी पुस्तक वाचायला दिलं, मूल वाढवण्याच्या शास्त्राचं. त्यात ‘आडमुठेपणाचा काळ’ म्हणून एक प्रकरण आहे. वाचून हसूच आलं, राजीचंच वर्णन. अडीच-तीन वर्षांचं मूल मुद्दाम सांगितलेलं ऐकत नाही, हाक मारली तर पाठ करून बसतं, किंचाळतं. उपाय एकच दिलाय. हाक एकदाच मारावी, दुसरी हाक म्हणजे आईबापाची हार.

आमच्यात, जैनांत, सूर्य मावळायच्या आत जेवण. लहान पोरांना सूट असते, पण म्हटलं शिस्तीला याच्याइतकी चांगली वेळ नाही. आजपासून नियम असा, की दिवस मावळायच्या आधी गुणमालानं दारातून एकदा हाक मारायची. आली तर जेवण. नाही आली तर काही नाही, दूधसुद्धा नाही. वहीत त्यासाठी वेगळा रकाना आखलाय.

पहिलाच दिवस, नाही आली. अंगणात पाठमोरी बसून मातीत रेघा मारत होती. फुली. गुणमालाही जेवली नाही, पोटात बरं नाही म्हणाली.

१५ डिसेंबर

शब्द शहाण्णव. फुल्या अकरा. ज्या दिवशी राजीचं तोंड दाराकडे असतं त्या दिवशी बरोबर येते, म्हणजे हाक कळत नाही असं नाही, मर्जी असते. गुणमालाचं पोट हल्ली वरचेवर बिघडतं. तिलाही डॉक्टरला दाखवायला पाहिजे.

२२ जानेवारी १९६७

सकाळी पोळी लाटता लाटता गुणमाला म्हणाली, “अहो, हिला ऐकायला कमी येत नसंल ना?”

हसण्यावारी नेणार होतो, पण शंका शंकेच्या जागी. शंका आली की मोजायचं, हा माझा धंदा. पंधरा दिवस घेतो.

५ फेब्रुवारी

प्रयोग पुरा. हा मुद्दा कायमचा मिटला.

ऑफिसातलं थांबघड्याळ घरी आणलं होतं. राजी खेळता खेळता उठून खिडकीशी जाते तो एक क्षण, आणि मला गाडीचा पहिला आवाज येतो तो दुसरा. एकूण सव्वीस गाड्या. त्यांतल्या बावीस राजीला माझ्या आधी कळल्या. सरासरी दीड मिनिट आधी! मालगाडी असेल तर आणखी आधी. वारा उलटा असला तर मला आवाज उशिरा येतो, तिला मात्र काही फरक पडत नाही, हे जरा विचित्र आहे. उरलेल्या चार वेळा ती झोक्यावर बसली होती आणि जागची हलली नाही. झोक्यावर बसली की महाराणीच असते ती.

आलेख काढून गुणमालाला दाखवला. म्हटलं, बहिऱ्या माणसाला गाडी माझ्या आधी कळते का, सांग. तिनं कागदाकडे पाहिलं, राजीकडे पाहिलं. “तुम्ही मोजलंय म्हणजे असंल,” म्हणाली आणि भांडी घासायला गेली. परत काही विचारलं नाही.

आमच्या टप्प्याचा चावीवाला केरू रोज हातोडी घेऊन रूळ तपासत फिरतो. त्याला हे सांगितलं तर म्हणाला, “मी रुळाला कान लावतो तवा मला कळतंय. हिला घरात बसून? लय तिखट कानाची पोर हाय सायेब.” ते वाक्य वहीत उतरवून घेतलंय. लेखात टाकीन.

९ एप्रिल

केरूची बायको येसूबाई पलीकडच्या चाळीत राहते. नवबौद्ध कुटुंब आहे, नीटनेटकं, आमचं येणंजाणं बरं आहे. पण राजी हल्ली तिथंच पडलेली असते. आज जाऊन पाहिलं तर येसूबाई पोरीशी हातवारे करून बोलतेय! पाणी म्हणजे ओंजळ तोंडाला, गाडी म्हणजे दोन मुठी पुढंमागं, आई म्हणजे कुंकवाच्या जागी बोट. आणि राजी तसंच उलट करून खुदुखुदु हसतेय. मी एवढा जीव काढून शब्दांच्या मागं लागलोय आणि इथं पोरीला मुकीचं सोंग शिकवतायत. येसूबाईला सौम्यपणेच पण स्पष्ट सांगितलं, हे बंद. राजीला उचलून घरी आणलं तर सारा रस्ता किंचाळत आली.

शब्द एकेचाळीस.

१४ जुलै

सांगलीला जाऊन आलो. नानासोंनी लेखाचं विचारलं. यादी गेल्या जूनपर्यंतचीच दाखवली, दोनशे चौदावर थांबवलेली, आणि तेवढ्याचाच लेख देऊन आलो. पुढचं काय दाखवणार? म्हणाले, “पोरीला एकदा आणा की, बघू तरी.” पाऊसपाण्याची सबब सांगितली. खरं सांगायचं तर लाज वाटली. मुलांच्या बोलण्यावर लेख लिहिणाऱ्याची पोर म्हशीसारखी हंबरते, हे त्यांनी कॉलेजात चारचौघांत पाहावं असं वाटेना.

परतीच्या गाडीत बूट काढून बसलो, सवयीनं. किर्लोस्करवाडीच्या पुढं रुळाचा एक सांधा खराब आहे.

२३ ऑक्टोबर

राजी आज चार वर्षांची झाली. गुणमालानं बुंदीचे लाडू केले.

सकाळी मांडीवर घेऊन ‘आप्पा म्हण’ म्हणत होतो. पूर्वी म्हणायची. ती टक लावून माझ्या तोंडाकडे बघत राहिली, हल्ली सगळ्यांच्याच तोंडाकडे असं उद्धटासारखं बघते. मग तिनं माझ्या ओठांवर बोट ठेवलं. मी हात झटकला. परत ठेवलं. मी थोबाडीत मारली. वाढदिवसाच्या दिवशी मारायला नको होतं. रडली, तेही कसल्यातरी चमत्कारिक आवाजात.

शब्द नऊ.

११ डिसेंबर

भूकंप. पहाटे सव्वाचारच्या पुढं. आधी घरघर झाली, मला वाटलं मालगाडी, मग फडताळातली भांडी कोसळली आणि जमीनच पायाखालून ओढल्यासारखी झाली. राजीला काखोटीला मारून बाहेर. सगळी चाळ अंगणात, बायका रडतायत, केरू कंदील घेऊन रुळाकडे पळतोय. कोयनेकडे फार वाईट झालंय म्हणतात. आमच्याकडे भिंतींना भेगा आणि कौलं गेली, माणसं शाबूत आहेत, जिनेंद्राची कृपा.

एक गोष्ट लिहून ठेवतो. एवढ्या आकांतात राजी मात्र घाबरली नव्हती. खाली ठेवल्या ठेवल्या कुंपणाच्या तारेशी गेली आणि मुठी पुढंमागं करत रुळाकडे बघत उभी राहिली. झुकूची वाट बघत होती.

१२ डिसेंबर

दिवसभर बारीक धक्के. घरात जायची कुणाची छाती नाही, अंगणातच चूल मांडलीय. मी नोंदयंत्र ऑफिसातून आणून ओट्याच्या फरशीवर मांडलं. लालासाहेब म्हणाले, ठेव, पुढं कुणाला उपयोग होईल.

१३ डिसेंबर

दुपारची गाडी जाऊन तास झाला होता. पुढची साडेचारला. राजी ओट्यावर अनवाणी चिंचोके मांडत होती, मी यंत्रापाशी कागद बदलून बसलो होतो. कुठं काही वाजत नव्हतं. गुणमाला समोर तांदूळ निवडत होती.

राजी उठली आणि तारेशी धावली. मी म्हटलं, आता कुठली गाडी? आणि यंत्राकडे पाहिलं. लेखणी थरथरत होती.

मला काही जाणवलं नव्हतं. गुणमालालाही नाही. राजी वाट बघून बघून परत आली, चिंचोके मांडायला बसली. अर्ध्या तासानं पुन्हा तेच. पोर उठली, लेखणी हलली. गाडी नव्हती, आवाज नव्हता. पृथ्वीच्या पोटातलं ते बारीक कापरं दोघांनाच कळत होतं, माझ्या यंत्राला आणि माझ्या पोरीला.

मी बूट काढले. चुलीपाशी गेलो, पितळेचं मोठं पातेलं उचललं, राजीच्या पाठीमागं जाऊन लोखंडी पळीनं दणादणा वाजवलं. सगळी चाळ दचकली, कुणाचं तान्हं रडायला लागलं. राजी चिंचोके मांडत होती.

परत वाजवलं. परत. किती वेळा ते माहीत नाही. शेवटी गुणमालानं येऊन माझ्या हातातली पळी काढून घेतली. तिच्या तोंडावर आश्चर्य नव्हतं. ते बघून मी जास्त मेलो.

येसूबाई तारेपलीकडे उभी होती. एवढ्या दिवसांनी मीच तिला विचारलं, तुम्हाला कधीपासून माहीत?

“गेल्या साली दिवाळीपास्नं. माजी धाकली नणंद अशीच व्हती.”

“मग मला सांगितलं का नाही?”

“बाईस्नी सांगिटलं की. त्या म्हनल्या, सायबांनी घड्याळ लावून मोजलंय.”

१४ डिसेंबर

वही पहिल्यापासून वाचली. सगळं माझ्याच अक्षरात आहे. वाऱ्यानं फरक पडत नाही. मालगाडी आधी कळते. झोक्यावर पाय जमिनीला टेकत नाहीत, तेव्हा कळत नाही. एवढं मोजून, आलेख काढून, खाली सही करून ठेवलंय. लालासाहेबांच्या पुढ्यात कुणी परक्यानं हे आकडे टाकले असते तर ते चपला काढून उभे राहिले असते आणि पाच मिनिटांत सांगून मोकळे झाले असते.

फुल्या मोजल्या. त्रेचाळीस. त्रेचाळीस संध्याकाळी गुणमालानं पाठमोऱ्या पोरीला एक हाक मारली आणि मी दुसरी मारू दिली नाही.

गुणमालाला म्हटलं, त्रेचाळीस वेळा उपाशी निजवली मी तिला. तेव्हा तिनं सांगितलं. राजी एकदाही उपाशी निजली नाही. मी वही घेऊन बसलो की ती पोरीला मागल्या दारानं येसूबाईकडे धाडायची, आणि येसूबाई दुधात भाकरी कुस्करून घालायची. उपाशी राहायची ती गुणमाला. म्हणाली, पोरीच्या ताटाला फुली मारलेल्या घरात घास उतरत नव्हता. मी लिहिलंय, पोट बिघडलं.

मी तिच्या पाया पडलो. ती मागं सरकली, म्हणाली, असलं काही करू नका, लोक बघतायत.

२१ डिसेंबर, मिरज

कानाच्या डॉक्टरांनी तासभर तपासलं. दोन्ही कान पूर्ण गेलेत, त्या तापातच. तापाला इलाज नव्हता, त्यात तुमची चूक नाही म्हणाले. मी विचारलं, मग कशात आहे? त्यांनी चष्मा पुसला.

ज्या मुलाला बोलता येत होतं आणि मग कान गेले, त्याचे आहेत ते शब्द राखता येतात. रोज समोर बसून, ओठ दाखवून, त्याचा हात आपल्या गळ्यावर, छातीवर ठेवून तेच तेच शब्द बोलत राहायचं. पहिले सहा महिने महत्त्वाचे. मूल स्वतःच ओठांकडे बघायला लागतं, बोट लावून बघतं, ती त्याची धडपडच असते. “तुमची मुलगी असं काही करायची का?” त्यांनी विचारलं.

गुणमालानं माझ्याकडे पाहिलं नाही. मी म्हटलं, हो, करायची.

आता दीड वर्ष गेलं. पुण्याला अशा मुलांची शाळा आहे, जूनमध्ये घेतील, तिथं ठेवावं लागेल. तोवर घरी प्रयत्न करा. पुन्हा बोलेल का, यावर ते म्हणाले की आशा फार धरू नका, पण सोडूही नका.

येताना सांगली लागली. नानासोंकडे जाऊन लेख परत घेतला. पूर्ण वही त्यांच्या पुढं ठेवली आणि म्हटलं, छापायचं तर हे छापा, दोनशे चौदापासून खाली येणारी यादी. त्यांनी दोन-चार पानं चाळली आणि वही मिटून माझ्या हातात दिली.

२४ डिसेंबर

येसूबाईकडे गेलो. म्हटलं, आमच्या राजीला शिकवा, आणि तिच्या आईबापालाही शिकवा. ती ओशाळली, पदर तोंडाला लावला. मग पाट दिला बसायला. पाणी, ओंजळ. गाडी, दोन मुठी. आई, कपाळाला बोट. मी विचारलं, बाप कसा करायचा? येसूबाईनं केरूकडे पाहिलं. केरूनं खाली मान घातली. राजीलाच विचारलं शेवटी, माझ्याकडे बोट करून. तिनं डाव्या हाताच्या तळव्यावर उजव्या हाताचं बोट चालवून दाखवलं, ओळी ओढत, आणि मग एक फुली.

७ जानेवारी १९६८

घरात परत आलो. भेगा बुजवल्या. शब्दांची यादी बंद केली आहे. शेवटची नोंद करून ठेवतो, म्हणजे खोटं राहायला नको. शब्द एक. ‘झुकू.’ तोही तिचा तिलाच ऐकू न येणारा, आणि आता नुसता ‘उकू’ असा निघतो.

डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे दोन आठवडे रोज सकाळी बसतो. माझ्या समोर बसायला ती तयार नसते. माझा हात वर झाला की डोळे मिटते. मी हात पाठीमागं बांधून बसतो.

आज पहिल्यांदा जवळ आली. सदऱ्याची बटणं काढून मी तिचा तळवा धरला आणि उघड्या छातीवर टेकवला. तिचंच नाव घेतलं. पोटातून, जेवढा आवाज आहे तेवढा लावून. राजमती. राजी. राजी. स्वयंपाकघरात गुणमालाचं लाटणं थांबलं.

राजीचे डोळे मोठे झाले. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या तळव्याकडे. दीड वर्षात माझी हाक तिच्यापर्यंत पहिल्यांदा पोचली होती. मी पुन्हा हाक मारली. ती हसली, अगदी पूर्वीसारखी, तापाच्या आधीसारखी हसली. आणि हात सोडवून पळत खिडकीशी गेली, गजांशी दोन मुठी पुढंमागं करत उभी राहिली.

गाडीला अजून चाळीस मिनिटं होती. मी तिच्या मागं जाऊन उभा राहिलो.